कुंडलिकेच्या वाटेनें

गेल्या वर्षीं सप्टेंबर महिन्यांत आमच्या वर्गांत एक लहानसा प्रसंग घडला. आम्ही पदवीच्या विद्यार्थ्यांस एका इंग्रज कवीची नदीवरील कविता शिकवीत होतों. नदीच्या कांठानें पायीं चालल्यानें मनुष्याची चित्तवृत्ति कशी शांत व उन्नत होते, ह्याविषयींचें आमचें विवेचन चांगलेंच रंगांत आलें होतें. इतक्यांत मागच्या बांकावरील एका मुलीनें उभें राहून विचारलें, "सर, तुम्ही स्वतः कधीं नदीच्या कांठानं चालत गेला आहांत का?"

प्रश्नांत खोंच नव्हती. असती तर उत्तर देणें सोपें झालें असतें. तो निर्मळ कुतूहलाचा प्रश्न होता, आणि म्हणूनच तो आमच्या जिव्हारीं लागला. तीस वर्षें आम्ही टेम्स, वाय आणि डर्वेंट ह्या नद्यांचीं वर्णनें करीत आलों. त्यांच्या कांठचीं गांवें, त्यांवरचे पूल, त्यांच्या पाण्यावर पडणारा सायंकाळचा प्रकाश हें सर्व आम्हांस पाठ आहे. परंतु आमच्या स्वतःच्या गांवची मुठा आम्हीं पाहिली ती लकडी पुलावरून, आणि तीहि बहुधा नाकाला रुमाल लावून. "नाहीं," एवढेंच उत्तर देऊन आम्हीं पुस्तक मिटलें. तास संपायला अजून दहा मिनिटें होतीं.

घरीं आल्यावर ही हकीकत आम्हीं आमच्या भाच्याला सांगितली. तो हिंजवडीस संगणकाच्या एका कचेरींत आहे. शनिवार उजाडला कीं पाठीवर सॅक टाकून डोंगरांत नाहींसें व्हावयाचें, असा त्याचा परिपाठ आहे. तो लगेच म्हणाला, "मग चला कीं मामा! अंधारबनातून भिऱ्याला उतरूं. एक रात्र वर राहूं, दुसऱ्या दिवशीं खालीं. सगळी वाट कुंडलिकेच्या खोऱ्याच्या कडेनं जाते." कुंडलिकेचें नांव ऐकतांच आम्ही किंचित् चमकलों. त्याचें कारण पुढें येईलच.

प्रवासाची तयारी हें एक स्वतंत्र प्रकरण झालें. भाच्यानें एक सॅक आणून दिली. तींत आम्हीं दोन जोड कपडे, शाल, छत्री, औषधांचा डबा, फराळाचे दोन डबे, चष्म्याची दुसरी जोडी, मोठी विजेरी, लहान विजेरी आणि तीन पुस्तकें भरलीं. भाच्यानें ती एका हातानें उचलून पाहिली व मुकाट्यानें जमिनीवर पालथी केली. "मामा, आपण कपाट घेऊन चाललों नाहीं आहोंत," असें म्हणून तो एकेक वस्तु बाजूला काढूं लागला. ती बाजूला पडलेली रास पाहतांना आम्हांस असें दिसून आलें कीं, तींतील प्रत्येक वस्तु म्हणजे आमची एकेक भीति होती. छत्री ही भिजण्याची भीति, औषधें ही मरणाची भीति, आणि तीन पुस्तकें ही स्वतःशींच एकटें बसावें लागण्याची भीति. औषधें तेवढीं आम्हीं हट्टानें परत आंत घातलीं. असो.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारीं पहाटें भाड्याच्या जीपमधून आम्ही दोघे निघालों. पौड मागें पडल्यावर रस्ता मुळशीच्या जलाशयाच्या कांठाकांठानें जाऊं लागतो. पावसाळा नुकताच सरला होता. तळें कांठोकांठ भरलेलें, त्यावर धुक्याचा पातळ पदर, पलीकडे हिरवे डोंगर. जीपवाल्यानें आपण होऊन गाडी थांबविली. तेथें आणखीहि मोटारी थांबल्या होत्या आणि मंडळी त्या देखाव्याकडे पाठ करून स्वतःचीं छायाचित्रें घेत होती. आम्ही मात्र खालीं उतरलों नाहीं. त्या पाण्याखालीं आमच्या आजीचें गांव आहे.

आजी म्हणजे आमच्या आईची आई. मुळा आणि निळा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील आंबेमोहोर पिकविणाऱ्या एका लहानशा गांवांत तिचा जन्म झाला. ह्या नद्यांचें पाणी अडवून, तें डोंगराच्या पोटांतून पश्चिमेस कोंकणांत सोडून त्यावर वीज उत्पन्न करावी, अशी एका वीज कंपनीची योजना होती. मावळांतील शेतकऱ्यांनीं १९२१च्या रामनवमीला तिच्याविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट ह्यांना 'सेनापति' ही पदवी लोकांनीं दिली ती ह्याच लढ्यांत. धरणाविरुद्ध झालेल्या आरंभींच्या संघटित लढ्यांपैकीं हा एक म्हणून आज त्याचें नांव घेतलें जातें. लढा तीन वर्षें चालला आणि १९२४च्या अखेरीस मावळला. १९२७ सालीं भिऱ्याचें वीजकेंद्र सुरू झालें. सत्याग्रह सुरू झाला तेव्हां आजी नऊ वर्षांची होती. पुढें लग्न होऊन ती पुण्यास एका पेठेंत आली. तिचें माहेर पाण्यांत गेलें तें ती सासरीं असतांना.

आजीचें घराणें वारकऱ्यांचें. शेत गेलें, घर गेलें ह्याचें दुःख ती बोलून दाखवीत नसे. तिचें दुःख निराळेंच होतें. मुळा पुण्यास मुठेला मिळते, मुळा-मुठा पुढें भीमेला मिळते आणि भीमा पंढरपुरास चंद्रभागा होऊन विठोबाच्या पायांशीं जाते. आजीच्या दारावरून वाहणारें पाणी असें आपोआप वारीला जात होतें. आतां पुरांत धरणावरून सांडेल तेवढेंच पाणी पूर्वेकडे जातें, बाकीचें पश्चिमेच्या समुद्रास. ती आम्हांस म्हणे, "आमची नदी इठोबाच्या पायाशी जायाची. कंपनीनं तिचं तोंड फिरवलं. आता पानी कुंडलिकेला जातंय."

आम्ही तेव्हां सहासात वर्षांचे होतों. कुंडलिका आम्हांस ठाऊक नव्हती. पुंडलिक ठाऊक होता. पाणी पुंडलिकाकडे जातें असेंच आम्हीं ऐकलें, आणि पुंडलिक तर विठोबाच्या दारांतलाच! मग आजीच्या डोळ्यांना पाणी कां येतें, हें कांहीं केल्या उलगडेना. एकदां आम्हीं तिला तसें म्हणालोंहि, "मग तें पोंचलंच कीं गं, आजी!" तिनें क्षणभर आमच्याकडे पाहिलें, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पोचलं बाबा, पोचलं."

जीप पुढें निघाली. पिंप्रीच्या तलावाशीं आम्ही उतरलों, वनखात्याच्या चौकीवर पावती घेतली, वहींत नांवें लिहिलीं आणि पायवाटेला लागलों. येथून भिऱ्यापर्यंतची वाट सुमारें तेरा किलोमीटरांची आहे. तरणीं मुलें ती एका दिवसांत उरकतात. आमच्या वयाला आणि स्वभावाला दोन दिवस योग्य होते.

थोडें चालतों न चालतों तोंच एका बाजूची जमीन एकाएकीं संपली. सह्याद्रि पूर्वेकडून पाहिला तर सौम्य दिसतो, चढ केव्हां चढलों हें कळतहि नाहीं; पश्चिमेकडे मात्र तो तलवारीनें कापल्यासारखा तुटतो. त्या तुटलेल्या कड्यावर उभें राहून आम्हीं कुंडलिकेचें खोरें प्रथम पाहिलें. समोरच्या काळ्या भिंतीवरून पाण्याच्या दहाबारा पांढऱ्या रेघा खालीं उतरत होत्या. इतक्या दुरून त्यांचा आवाज येत नव्हता. त्या जणूं काय हालत नव्हत्याच. मग वाऱ्याची एक झुळूक आली, त्यांतील एक रेघ मधोमध वांकली, तिचा धूर झाला आणि ती पुन्हा सरळ झाली. तेव्हां कोठें ती पाण्याची आहे असें खरें वाटलें.

भाच्यानें ह्या कड्यांची कुळकथा सांगितली. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतील तप्त रस एकावर एक थरांनीं पसरला व थिजला. त्याचाच हा काळा कातळ. सगळे थर सारखे कठीण नाहींत. मऊ थर पाण्यानें लवकर झिजतो, त्याच्या डोक्यावरचा कठीण थर निराधार होऊन कोसळतो, आणि धबधबा तेवढा मागें सरकतो. म्हणजे धबधबा हा नुसता खालीं पडत नाहीं, तो मागेंहि चालत असतो. घांईनें खालीं जाणाऱ्या पाण्याचीहि एक चाल उगमाकडे असते, हें आम्हांस नवीन होतें. ह्या प्रदेशांतील घाटमाथ्याच्या कित्येक ठिकाणीं अवघ्या चार हातांच्या अंतरानें पावसाच्या थेंबाचें भवितव्य ठरतें. अलीकडे पडला तर शेंकडों कोसांची वाट तुडवून बंगालच्या उपसागरास, पलीकडे पडला तर दोन दिवसांत कोंकणांतून अरबी समुद्रास. थेंबाला कोणी विचारीत नाहीं.

पुढें अंधारबन लागलें. नांव अगदीं यथार्थ आहे. दहा वाजतांचें ऊन बाहेर ठेवूनच आंत जावें लागलें. अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा ह्यांचे शेंडे एकमेकांत इतके गुंतले होते कीं खालीं सगळीकडे हिरवट संधिप्रकाश पसरला होता. गारंबीचे मांडीएवढे वेल ह्या झाडावरून त्या झाडावर गेलेले. त्यांच्या हातहात लांब शेंगा खालीं पडलेल्या. दर अर्ध्या घटकेला एखादा ओढा आडवा येई. बूट काढावे, पाण्यांत पाय घालावे, पलीकडे जाऊन बूट चढवावे, असें तीनदां केल्यावर आम्हीं तो नाद सोडला व बुटांसकट पाण्यांत शिरलों. मनुष्य एकदां भिजला म्हणजे त्याची भिजण्याची भीति संपते. घरीं ठेवलेल्या छत्रीची आठवण आम्हांस येथपर्यंतच आली.

एका ओढ्याशीं आम्ही बसलों असतां शीळ ऐकूं आली. स्वर अगदीं माणसाचे. पण कोणतीच चाल धड पुरी होईना. सुरुवात करावी, अर्ध्यावर सोडून द्यावी, पुन्हा निराळीच धरावी. हा शीळकरी कस्तुर. इंग्रज ह्याला 'शीळ घालणारा शाळकरी पोर' म्हणत असत, हें आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होतें. तीस वर्षें असलीं पोरें हाताळलेल्या आम्हांस तें नांव फारच पटलें. भाचा बोट ओठांवर ठेवून वर पाहत होता. फांदीवरून लांब शेपटीचें तांबूस शेकरू सरकत गेलें. त्या दोन तासांत आम्हीं एकहि विधान केलें नाहीं. प्राध्यापकाच्या आयुष्यांत ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

मात्र ह्या शांतीची किंमत लवकरच द्यावी लागली. एका रुंद ओढ्यांत, शेवाळलेल्या दगडावर, आमचा पाय सरला. भाच्यानें सॅकचा पट्टा धरून ओढलें म्हणून आम्ही येथें लिहावयास उरलों. दहा पावलांवर तोच ओढा कड्यावरून खालीं उडी घेत होता. कोणीच कांहीं बोललें नाहीं. हात बराच वेळ थरथरत राहिले. दर पावसाळ्यांत ह्या डोंगरांत पाण्यानें माणसें नेल्याच्या वार्ता आम्ही सकाळच्या चहाबरोबर वाचतों व त्या मुलांच्या अविचाराबद्दल मान हालवितों. त्या क्षणीं आम्हांस कळलें कीं, ह्यांत अविचार लागतोच असें नाहीं, एक दगड पुरतो.

सायंकाळीं हिरडीस पोंचलों. डोंगराच्या पायरीवर वसलेलीं थोडींशीं घरें, देऊळ आणि भाताचीं लहान लहान खाचरें. एका म्हाताऱ्या गृहस्थांनीं देवळांत पथारी पसरावयास सांगितलें व घरून पिठलें-भाकरी पाठविली. जेवणानंतर ते स्वतः येऊन बसले. त्यांचीं मुलें पुण्याकडे कारखान्यांत होतीं. चहूंबाजूंनीं धबधब्यांचा आवाज येत होता. आम्हीं सहज म्हटलें, "बाबा, पाण्याची तुम्हांला कधींच वाण नसेल."

ते हंसले. "सर, आत्ता हाय तवा ऐकून घ्या. चैतात या. बाया हंडं घेऊन कुठवर जात्यात त्ये बगा. पानी आमच्या अंगावरनं जातं, आमच्यापाशी ऱ्हात न्हाय."

ते गेल्यावर भाचा लगेच झोंपला. आम्हांस झोंप आली नाहीं. आमच्या कवितेंतल्या नदीला कोणी हंडा लावला नव्हता. तिच्या तळाशीं गांव नव्हतें आणि तिच्या कांठीं उन्हाळाहि नव्हता. तिजवर आम्ही तीस वर्षें बोललों. आजीच्या नदीवर आजीखेरीज कोणी बोललें नाहीं, आणि जी बोलत होती तिचें आम्हीं चुकीचें ऐकलें.

दुसऱ्या दिवशीं उतार. नागशेतच्या दिशेनें वाट घरंगळत जाते. चढतांना मनुष्याचा श्वास बोलतो, उतरतांना गुडघे बोलतात. खालीं येतां येतां हवा उष्ण झाली, झाडें बदललीं, आणि काल जें खोरें वरून पाहिलें होतें त्याच्याच तळाशीं आम्ही उभे राहिलों. काल ज्या रेघा निःशब्द दिसत होत्या त्या आतां माथ्यावर गर्जत होत्या. देवकुंडाकडे जाणारी पायवाट आम्हीं सोडून दिली. कुंडलिकेचा उगम लोक तेथें मानतात. पावसाळ्यांत त्या कुंडावर बंदी घालावी लागते, आणि बंदी उठली कीं तेथें जत्रा भरते. आम्हांस पाहावयाचें होतें तें दुसरेंच.

भिऱ्यास पोंचल्यावर तें दिसलें. सह्याद्रीच्या उभ्या उतारावरून मोठमोठे नळ एकमेकांशेजारून सरळ खालीं उतरत होते. त्यांतून आवाज नाहीं, तुषार नाहींत, धूर नाहीं. सुमारें पांचशे मीटर उंचीवरून मुळशीचें पाणी त्यांत कोंडलेलें येतें, खालीं यंत्रांचीं चाकें फिरवितें आणि मोकळें होऊन कुंडलिकेंत शिरतें. पावसाळा संपल्यावर डोंगरांतले धबधबे आटतात, पण ह्या पाण्यामुळें कुंडलिका भर उन्हाळ्यांतहि वाहती राहते. खालीं कोलाडास शहरांतील मंडळी रबरी होड्यांतून तिच्यावर गंमत करतात ती ह्याच सोडलेल्या पाण्यावर. पुढें रोह्यावरून ती रेवदंड्यास समुद्राला मिळते. अंधारबनांतील सर्व धबधब्यांहून मोठा असा हा धबधबा होता, आणि तो कोणालाहि दिसत नव्हता. आमची आजी त्याच वाटेनें खालीं गेली होती, असें त्या वेळीं वाटलें. भाचा जवळ येऊन उभा राहिला. "मामा, हेंच का तें पाणी?" त्यानें विचारलें. आम्हीं मान हालविली आणि त्याला जें कोणालाहि सांगितलें नव्हतें तें सांगितलें.

विसाव्या वर्षीं आम्ही मुंबईस शिकत होतों. वसतिगृहाच्या वाचनालयांत एका रात्रीं सहज महाराष्ट्राचा नकाशा उघडला असतां कोंकणांत एक निळी रेघ व तिच्याजवळ 'कुंडलिका' हें नांव दिसलें. ती समुद्राकडे जात होती. पंढरपूर नकाशाच्या दुसऱ्या टोकाला होतें. चौदा वर्षांपूर्वींचें ऐकणें चुकलें होतें तें त्या रात्रीं समजलें. आणि ज्या दिव्याखालीं तें समजलें, तो मुंबईचा दिवा होता. भिऱ्याची वीज मुंबईसच जात असे. आमच्या आजीचें गांव जळत होतें म्हणून आम्हांस तो नकाशा वाचतां येत होता. ती वीज नसती तर गिरण्या चालल्या नसत्या, गाड्या चालल्या नसत्या, आमच्यासारखे शेंकडों रात्रीं शिकले नसते, हें सर्व खरें आहे, आणि तें नाकारण्याचा अधिकार त्याच उजेडांत शिकलेल्या आम्हांस तरी नाहीं. परंतु हिशेबाच्या वहींत जमेची बाजू लिहिणारे पुष्कळ होते. खर्चाच्या बाजूला आजीनें एकच ओळ लिहिली होती, आणि तीहि आम्हीं चुकीची वाचली.

सुटींत घरीं आल्यावर आम्हीं तिच्यापाशीं आमची चूक कबूल केली. ती तेव्हां ऐंशीला टेंकली होती. म्हणाली, "मला ठावं होतं रं. पर तुला पुंडलिक ऐकू आला, तवा वाटलं, तसंच असंल. म्हून न्हाय बोलले."

भाचा बराच वेळ नळांकडे पाहत राहिला. मग त्यानें नदीवर जाऊन आपली बाटली भरून आणली. विळ्यावरून ताम्हिणी घाटानें परततांना गाडींत उकडत होतें. अर्धी बाटली त्यानें वाटेंतच पिऊन टाकली. एवढें पाणी तरी घाट चढून परत पूर्वेकडे आलें, असा विनोद आम्हीं केला. मुळशीचें पाणी पुन्हा पूर्वेस वळवावें अशी मागणी पुण्याकडून अधूनमधून होत असते; ती मागणाऱ्यांना आमच्या आजीची आठवण असेल असें नाहीं.

घरीं आल्यावर उरलेली अर्धी बाटली आम्ही मोरींत ओतावयास गेलों आणि थांबलों. पुण्याच्या मोऱ्यांचें पाणी शेवटीं मुठेंत जातें, मुठेचें भीमेंत, आणि भीमेचें पंढरपुरास. आजीच्या गांवचें निर्मळ पाणी समुद्राला मिळतें, आणि विठोबाच्या पायांशीं आम्ही पुणेकर पाठवितों तें हें! बाटली आम्हीं टेबलावर ठेवली. ती तेथेंच आहे.

सोमवारीं वर्गांत गेलों. मागच्या बांकावरील ती मुलगी आली होती. "गेल्या खेपेस तुम्हीं जें विचारलेंत," आम्ही म्हणालों, "त्याचें उत्तर आतां देतां येईल." तिनें विचारलें, "कोणती नदी, सर? ती कुठून कुठं जाते?"

त्या दिवशीं ती इंग्रजी कविता शिकविण्याची राहून गेली.